चौथं ताट

१

दिवेलागण झाली की गीतकारबाईंच्या घरात तीन ताटं मांडली जात. एक त्यांचं, एक नवऱ्याचं आणि एक मिरीचं. मिरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव शाळेपुरतं होतं. बोलायला लागल्यापासून ती आईच्या डोक्यावर मिरे वाटत आली होती, म्हणून घरात सगळे तिला मिरीच म्हणत. ताटं मांडायचं काम नवऱ्याचं. तो दातांचा डॉक्टर होता. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचा, आणि घरी आल्यावर ज्यात समोरच्याला ‘आ करा’ म्हणावं लागत नाही असं कुठलंही काम आनंदाने करायचा.

तीन माणसं आणि तीन ताटं. यात न कळण्यासारखं काय आहे? पण एका गाण्यातल्या एका ओळीने सगळा घोटाळा केला, आणि ती ओळ बाईंनी धड लिहिलीसुद्धा नव्हती.

गाणी लिहिण्याचा धंदा लोकांना वाटतो तसा नसतो. लोकांना वाटतं, कवी खिडकीशी बसतो, डोळे भरून येतात आणि ओळ उतरते. खरं म्हणजे संगीतकार आधी चाल बांधून ठेवतो आणि शब्दवाल्याला सांगतो, आता यात बसव. एखादी जागा अडली तर तिथे मापात बसतील असे कसलेही शब्द कोंबायचे, म्हणजे काम पुढे सरकतं. खरे शब्द सुचले की ते काढून टाकायचे. बाई असल्या ओळीला पाचर म्हणत.

ही ओळ आली त्या दिवशी दुपारी बाई संगीतकाराच्या घरी बसल्या होत्या. गाणं संध्याकाळचं होतं, दिवे लागतात, खिडक्या मिटतात, असं. शेवटची ओळ काही केल्या बसेना. संगीतकार पेटीवर तीच जागा घोळवत होता, बाई पेन चावत होत्या, आणि गायिका फाटकाशी चिखलात पाय पडला म्हणून मागच्या नळावर गेली होती. तेवढ्यात संगीतकाराच्या आईने स्वयंपाकघरातून हाक दिली, “चौथं ताट मांडून ठेव रे, पाय धुऊन येते ती!”

शब्द चालीत चपखल बसले. बाईंनी हसत हसत पाचर ठोकली. पुढे गायिकेने ती ओळ अशी काही म्हटली की संगीतकार म्हणाला, राहू दे, आता हात लावू नकोस. ध्वनिमुद्रण झालं आणि पाचर तिथेच राहिली.

गाणं तुफान चाललं. बाईंनी आयुष्यभर रक्त आटवून लिहिलेल्या ओळी कुणाला आठवत नव्हत्या, आणि ही उसनी ओळ रस्त्याने जाणारा माणूस गुणगुणत होता. आधी त्यांना त्याची गंमत वाटली.

२

रेडिओवर एक कार्यक्रम लागायचा, ‘ओळीमागचं’. तो सादर करणाऱ्याला लोक मास्तर म्हणत. आवाज मऊ, बोलणं सावकाश, आणि सुतावरून स्वर्ग गाठण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. रोज एक गाणं घ्यायचं, आणि त्यात काय म्हटलंय ते बाजूला ठेवून लिहिणाऱ्याच्या घरात काय चाललंय ते सांगायचं. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचं भावाशी पटत नाही, सगळं मास्तरला एका कडव्यातून दिसायचं.

“श्रोतेहो, बाईंच्या घरी माणसं किती? तीन,” एका संध्याकाळी तो म्हणाला. “मग चौथं ताट कुणाचं? ‘येते ती’ असं म्हटलंय. म्हणजे मुलगी. स्वतःचे पाय स्वतः धुते, म्हणजे तान्ही नव्हे. बाईंना दोन मुली आहेत. थोरलीबद्दल त्या बोलतात. धाकटीबद्दल बोलत नाहीत, नुसती तिची वाट बघतात.”

बाईंनी कपाळाला हात लावला. नवरा पोट धरून हसला. “अगं, मला न सांगता केव्हा झाली?” तो म्हणाला.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते फार दिवस राहिलं नाही. दवाखान्यात तोंडातला कापूस काढला रे काढला की रोगी विचारायचे, “डॉक्टर, धाकटी कशी आहे?” बाजारात अनोळखी बायका बाईंचा हात हातात घेऊन डोळे पुसायच्या. फळवाल्याने मिरीला एक पेरू दिला आणि वर आणखी एक ठेवला. “हा छोटीला.” बाईंनी तो परत केला, तर तो ओशाळला. बाईच दुष्ट असल्यासारखं बघू लागला.

“मला एकच मुलगी आहे,” त्या सगळ्यांना सांगत. “ती ओळ पाचर होती हो. गायिकेचा पाय चिखलात पडला होता.” लोक मान हलवत. इतकी साधी गोष्ट कुणाला नको होती. दुःख असेल तर हवं होतं, चिखल नको होता. सांगून सांगून बाईंच्या नाकी नऊ आले.

मग तो टॉवेल आला. मिरी रोज दुपारी पोहायला जायची. एक दिवस पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी मिरीचा केशरी टॉवेल गीतकारबाईंच्या हातात दिला आणि वर तसाच दुसरा, आकाराने थोडा लहान, ओलाचिंब.

“हा धाकटीचा. काल विसरून गेली.”

“अहो, मला एकच मुलगी आहे!”

“असं तिच्यासमोर बोलू नका हो,” शिकवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या आणि गीतकारबाईंच्या मागे बघून हसल्या. बाईंनी वळून बघितलं. मागे ओली फरशी होती, आणि मिरी तर समोर उभी होती.

हीही रेडिओ ऐकते, दुसरं काय! बाईंनी तणतणत टॉवेल घरी आणून गच्चीच्या दोरीवर टाकला, वाळला की तिच्या तोंडावर परत नेऊन टाकायचा म्हणून. उन्हं कडकडीत होती. मिरीचा टॉवेल तासाभरात वाळला. तो लहान टॉवेल संध्याकाळी पिळला तर पाणी निघालं. दुसऱ्या दिवशीही निघालं.

३

“तू जा आणि त्या मास्तरच्या कार्यक्रमात सांग एकदाचं,” नवरा म्हणाला. बाई गेल्या.

स्टुडिओची खोली लहान होती. भिंतींना जाड गादी ठोकलेली, त्यामुळे स्वतःचा श्वाससुद्धा कुणी शेजारी बसून घेतल्यासारखा ऐकू यायचा. मास्तर दिसायला अगदी गरीब गाय. त्याने बाईंना नमस्कार केला, पाणी दिलं. टेबलापाशी तीन खुर्च्या होत्या. “राहू द्या, लागली तर,” तो तिसरीकडे बघत म्हणाला.

बाईंनी सगळं सांगितलं. चाल, पाचर, फाटक, चिखल, संगीतकाराची आई. मास्तरने मधे एकदाही तोंड घातलं नाही.

“बाई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणणार नाही,” शेवटी तो म्हणाला. “पण शेकडो शब्द कानावर पडतात. त्यातले हेच का उचललेत?”

“मापात बसले म्हणून!”

“मापात तर ‘मांजर आलं दूध पिऊन’ पण बसलं असतं.”

“तेव्हा मांजर नव्हतं आलं. ती गायिका आली होती.”

“गाणं एकदा बाहेर पडलं की ते ऐकणाऱ्याचं होतं, हे तर मान्य कराल?”

“करीन ना. गाणं तुमचं, घर माझं,” बाईंचा आवाज चढला. “त्या ओळीचा काय हवा तो अर्थ लावा. संध्याकाळ लावा, मरण लावा, म्हातारपण लावा, माझी ना नाही. पण गाण्याचा अर्थ सांगतो म्हणून माझ्या स्वयंपाकघरात शिरू नका. माझ्या मुली मोजायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?”

काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाने मान वर करून बघितलं.

“मुली,” मास्तर हळुवारपणे म्हणाला. “आपण थोडं थांबू या का, बाई? पाणी घ्या.”

बाईंनी घाईघाईने सांगितलं की असं बोलताना तोंडातून जातं, रागात कुणाचंही जाईल. पण कान गरम झाले होते. आपली जीभ आपल्या विरुद्ध साक्ष देईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. निघताना त्यांनी बघितलं, तिसरी खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती. मघाशी ती कशी होती ते काही त्यांना आठवेना.

४

त्या आठवड्यात नवऱ्याने चार ताटं मांडली.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

त्याने ताटांकडे बघितलं, मग बाईंकडे. “अगं, दिवसभर तेच तेच ऐकतोय. हात गेला,” तो म्हणाला आणि चौथं ताट उचलून ठेवलं. बाईंना पटलं. पटवून घेतलं म्हणा. त्यांचीच जीभ गेली होती, तर त्याचा हात का जाऊ नये?

पण मग न्हाणीघरातून नळाचा आवाज येऊ लागला. जेवायची वेळ झाली की नळ सुरू व्हायचा, थोडा वेळ वाहायचा आणि बंद व्हायचा. नळाचा वॉशर गेलाय, असं बाईंनी ठरवलं. नळवाल्याने येऊन बघितलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. नळ बंद झाला की बोळातल्या फरशीवर ओली पावलं दिसायची. लहान मुलीची, न्हाणीघराकडून जेवणाच्या टेबलाकडे येणारी.

“मिरे, पाय पुसत जा!” बाई पहिल्या दिवशी ओरडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाकून बघितलं. मिरीच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून वर उचललेली होती, जमिनीला टेकायचीच नाही. तिच्या डाव्या पावलाचा ठसा नेहमी चार बोटांचा उठायचा. फरशीवरच्या ठशाला पाचही बोटं होती.

बाई तशाच बसून राहिल्या. डोकं एकेक कारण पुढे करत होतं. पाणी पसरतं. ठसा फिसकटतो. आपण थकलोय, झोप नाही. तोवर फरशी वाळून गेली आणि पुरावाही गेला.

त्यांनी संगीतकाराला फोन केला. “तूच सांग बाबा सगळ्यांना. ती पाचर होती ना? तुझ्या आईने हाक मारली होती.”

“हाक?” संगीतकार गडबडला. “हो, आई म्हणाली असेल. पण त्या दिवशी तू मुलींना घेऊन आली होतीस ना? धाकटी चिखलात खेळत होती. मला वाटलं, आई तिलाच...”

“गायिका! गायिकेचा पाय चिखलात गेला होता!”

“गायिका संध्याकाळी आली गं,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. बाईंनी फोन आपटला.

राहता राहिली ताई. बाईंची थोरली बहीण. बाळंतपणात दवाखान्यात उशाशी तीच होती, मिरीला पहिल्यांदा हातात तिनेच घेतलं होतं. तिला तरी कुणी रेडिओ ऐकवून फिरवू शकणार नव्हतं.

“ताई, मला फक्त एक सांग,” बाई फोनवर म्हणाल्या. “मी बाळंत झाले तेव्हा तू होतीस ना?”

“होते की. असं काय विचारतेस?”

“किती मुली झाल्या मला?”

ताईचा सूर बदलला. लहानपणी बाई तापाने फणफणल्या की ती असंच बोलायची.

“अगं सोन्या, दोन्ही वेळा मीच होते. तू जरा इकडे ये बघू राहायला. दोघींना घेऊन ये.”

बाईंनी फोन ठेवून दिला. रडूही आलं नाही, नुसता संताप आला. अख्ख्या जगाने मिळून एक थट्टा ठरवावी आणि आपल्याला तेवढं सांगू नये, तसा.

५

एकच माणूस त्यांच्या बाजूचं होतं, ते म्हणजे मिरी.

“आई, आपण तिघंच आहोत ना?” तिने केस विंचरून घेताना विचारलं. मिरीचा भांग कधी सरळ पडायचाच नाही. कितीही पाणी लावा, मधेच वाकायचा.

“तिघंच,” बाई म्हणाल्या. हातातली फणी थांबली. “का गं?”

“नाही, बाबा सारखे म्हणतात, तिला पण दे. मी देत नाही.” मिरी वेणीचं टोक चावत होती. “ती रात्री माझ्या पांघरुणात येते. मी बोलतच नाही तिच्याशी. पण तिचे पाय खूप गार असतात. आणि आई, ती सारखी पुढे सरकते. मला जागाच उरत नाही.”

बाईंनी मिरीच्या खोलीत जाऊन बघितलं. पलंग भिंतीला लागून, त्यावर एकच उशी. उशी बरोबर मध्यभागी होती. मिरीचं पांघरूण मात्र अगदी काठावर, खाली घसरायच्या बेतात होतं, आणि मधली चादर हाताला दमट लागली. भिंतीवर तिघांचा समुद्रकाठचा फोटो होता. त्यात मिरी नेहमी मधोमध असायची. आज ती कडेला दिसत होती आणि तिचा एक खांदा चौकटीआड गेला होता. फोटो आत घसरला असेल, बाई स्वतःशी म्हणाल्या. पण नवरा जागच्या जागी होता. त्या स्वतःही होत्या. मधली जागा तेवढी मोकळी होती.

आता सांगत बसण्यात अर्थ नव्हता. सांगून काय झालं होतं? नाही म्हटलं की लोकांना हो ऐकू येत होतं. बाई पाय आपटत टेबलापाशी जाऊन बसल्या. ओळीने जर हिला घरात आणलं असेल, तर ओळच हिला घालवेल. त्यांना दुसरं काही येतही नव्हतं.

या वेळी पाचर नव्हती. बाईंनी प्रत्येक शब्द तपासून घेतला, त्यातून कुणी दुसरा अर्थ ओढून काढू नये म्हणून चारी बाजूंनी ठोकून बघितला. आयुष्यात इतक्या सावधपणे त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

चौथं ताट उचलून ठेव, दिवा मालव, दार लाव
पाय ओले तसेच ने, तुझं नाही इथं नाव

संगीतकार खूश झाला. लोक या गाण्याचा शेवट मागतच होते. गायिकेने नवं कडवं म्हटलं आणि रेडिओवरून ते वाजू लागलं.

आणि खरंच घर गप्प झालं. जेवायच्या वेळी नळ वाजला नाही. बोळातली फरशी कोरडी राहिली. नवऱ्याने न सांगता तीन ताटं मांडली. बाई गच्चीवर गेल्या, तर तो लहान टॉवेल खडखडीत वाळला होता. त्यांनी तो घडी करून कपाटावर फेकला, खाली आल्या आणि मिरीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, “आई, दुखतंय!” फोटोकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं. उद्या बघू, असं म्हणत राहिल्या.

६

मग एका संध्याकाळी बाई पोळ्या लाटत होत्या आणि स्वयंपाकघरातला रेडिओ चालू होता. खूप दिवसांनी त्यांना तो बंद करावासा वाटला नव्हता. मास्तर आता काय बोलतोय ते त्यांना ऐकायचंच होतं. त्याची जिरलेली ऐकायची होती, खरं सांगायचं तर.

“श्रोतेहो, मी चुकलो होतो,” मास्तर म्हणाला.

बाई लाटणं हातात धरून हसल्या.

“मला वाटलं, बाई गेलेल्या धाकटीची वाट बघताहेत. नाही. धाकटी घरातच आहे, पहिल्या कडव्यातच ती आली. पाय धुऊन आली, ताटावर बसली. मग नव्या कडव्यात बाई घालवताहेत कुणाला? ओले पाय कुणाचे? आपल्या एका श्रोत्याने कळवलंय की बाईंची थोरली रोज पोहायला जाते.” मास्तरने आवाज आणखी मऊ केला. “दार लावून घेताहेत ते थोरलीवर. नाव नाही ते तिचं. मायेनं किती सोसलं असेल, तेव्हा अशी ओळ...”

“नाही!” बाई रेडिओवर ओरडल्या. “नाही रे मेल्या, तसं नाही! तसं मी लिहिलेलं नाही!”

न्हाणीघरात नळ वाजत होता. किती वेळ वाजत होता कोण जाणे. बाई ओरडल्या आणि तो बंद झाला.

“मिरी!”

उत्तर आलं नाही. बाई पिठाच्या हातांनी बोळात धावल्या. न्हाणीघर रिकामं होतं. फरशीवर ओली पावलं होती. पण ती टेबलाकडे जात नव्हती. न्हाणीघरातून निघून ती बोळातून सरळ बाहेरच्या दाराकडे गेली होती. बाईंनी वाकून बघितलं. डाव्या पावलाला चार बोटं होती.

दाराला आतून कडी होती. बाईंनी ती काढली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाऊल होतं, दुसरीवर अर्धं. पुढे सगळं कोरडं. त्यांनी घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार किलकिलं करून वर बघितलं.

“काय झालं हो? कुणाला हाक मारताय?”

“मिरीला! माझ्या मुलीला! आता खाली गेली का?”

“तुमची मुलगी तर वर बोलतेय की,” आजोबा म्हणाले. “ऐकू येतंय मला.”

बाई उलट्या पावली वर धावल्या. जेवणाच्या टेबलाशी नवरा बसला होता. मिरीच्या खुर्चीत एक मुलगी दाराकडे पाठ करून बसली होती. अंगावर मिरीचा फ्रॉक होता. केस ओले करून विंचरलेले, आणि भांग पट्टीने आखल्यासारखा सरळ. खुर्चीखाली लोंबणाऱ्या पायांवरून फरशीवर थेंब पडत होते.

“कुठे गेली होतीस? गार होतंय सगळं,” नवरा म्हणाला. “बघ, आज हिने स्वतःहून ताट घेतलं.”

“मिरी कुठे आहे?”

“कोण मिरी?” त्याने विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. रोग्याला कुठला दात दुखतो ते विचारताना तो याच काळजीने विचारायचा.

मुलगी मान वळवू लागली. गाल दिसला, कानाशी चिकटलेली ओली बट दिसली, आणि बाईंनी नजर खाली टाकली. तो चेहरा त्यांनी अजूनही नीट बघितलेला नाही. तिचे केस त्या विंचरतात, तेही मागे उभं राहून. भांग दर वेळी सरळ पडतो.

गाणं अजून वाजतं. बाजारात बायका अजून हात हातात घेतात, आणि बाई आता हात सोडवून घेत नाहीत. पाचरीची गोष्ट त्या कुणाला सांगत नाहीत. ती आता खरीही राहिलेली नाही. त्या ओळीचा अर्थ मास्तर पहिल्यांदा सांगत होता, अगदी तोच झाला आहे, आणि हे त्याच्या तोंडावर जाऊन सांगावं तर त्याला ते आधीपासूनच माहीत आहे.

दिवेलागण झाली की नवरा तीन ताटं मांडतो. मग बाई उठतात, फडताळातून आणखी एक ताट काढतात, पुसतात आणि टेबलाच्या कडेला ठेवतात.

“हे कुणासाठी गं?” नवरा रोज विचारतो. रोज पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

“राहू दे,” बाई म्हणतात. त्या बोळाकडे तोंड करून बसतात आणि नळाच्या आवाजासाठी कान लावतात. “पाय धुऊन येते ती.”